येतंय का?

"तुम्ही बसा ना. उभ्या कशाला?" असं तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी पडता पडता राहिली. घशातली नळी काढून त्याला जेमतेम एक दिवस झाला होता. आवाज करपलेलं भांडं खरवडावं तसा येत होता, पण शब्द स्पष्ट होते. तुम्ही. लग्न होऊन उभा जन्म गेला, एक मुलगी झाली, ती शिकून लांब दुसऱ्या देशात जाऊन राहिली, आणि या सगळ्या वर्षांत त्याने तिला अगं म्हटलं, ए म्हटलं, ऐकतेस का म्हटलं, रागाच्या भरात कुठे उलथलीस असंही म्हटलं, पण तुम्ही कधी म्हटलं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. न जाणो, दुसरी कोणी बाई आत आली असेल. मागे फक्त हिरवा पडदा होता आणि पडद्यापलीकडे कोणाचं तरी यंत्र टुकटुक करत होतं. ती स्टुलावर बसली. ती बसल्यावर त्याने मान हलवली, परक्या बाईला जागा करून दिली की भला माणूस हलवतो तशी, आणि छताकडे बघत अदबीने विचारलं, "कोणाकडे आलात?"

बाहेरच्या बोळात डॉक्टरांनी तिला समजावलं. डॉक्टर तरुण होते, फार घाईत असत, पण उभं राहून नीट बोलत. "फुफ्फुसं सुधारतायत, ती काळजी नाही. पण इतके दिवस ताप, औषधं, धड झोप नाही, खिडकी नाही, दिवस कुठला रात्र कुठली कळत नाही. मेंदू गोंधळतो. डिलिरियम म्हणतो आम्ही. जुनी माणसं वात झालाय म्हणायची ना, तेच." उतरतो ना, तिने विचारलं. बहुतेकांचा उतरतो, ते म्हणाले. 'बहुतेकांचा' या शब्दापाशी ते थांबले नाहीत. ती थांबली. मग सिस्टर आली, अंगाने थोराड, बोलायला फटकळ, सगळ्या आयसीयूची थोरली बहीण असल्यासारखी. ती तिला आजी म्हणायची, आणि दर वेळी तिला वाटायचं, ही आणखी कोणाला तरी हाक मारतेय. "आजी, हे बघा. वाद घालायचा नाही. पण ते म्हणतील त्याला माना पण डोलवायच्या नाहीत. आज अमका वार, हे हॉस्पिटल, मी तुमची बायको, एवढं शांतपणे सांगत राहायचं. चष्मा लावा त्यांना. आणि कानाचं मशीन कुठाय? ॲडमिट केलं तेव्हा तुमच्याकडेच दिलं होतं."

मशीन पर्समध्येच होतं, छोट्या गोल डबीत. ती आत गेली, त्याला चष्मा लावला, पदराने काच पुसायचं राहिलं म्हणून पुन्हा काढून पुसला आणि पुन्हा लावला. डबी हातात घेतली. "हे हॉस्पिटल आहे," तिने मोठ्याने सांगितलं, "आणि मी तुमची बायको." तो संकोचून हसला. "थट्टा करता काय हो बाई," तो म्हणाला, "माझं लग्न कुठे झालंय." मग त्याची बोटं चादरीवर हलायला लागली. छातीला चिकटवलेल्या वायरी त्याने एकेक करून चिमटीत धरल्या, पांढरी, हिरवी, लाल, रंग बघितले, अंगठ्याने चाचपले. एक वायर कानापाशी नेली आणि डोळे मिटून हळूच विचारलं, "येतंय का?" आणि तिच्या तोंडून, तिने काही ठरवायच्या आत, इतक्या वर्षांपूर्वीच्या सवयीने, मान थोडी डावीकडे कलती करून, ठणकावून उत्तर निघून गेलं, "येतंय. पुढची."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला खाली बघावं लागलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर होती तेव्हाची ही गोष्ट. लांबलचक फळा, फळ्यावर भोकंच भोकं, डोक्याला हेडफोन, शेजारी तीन जणी, आणि दिवसभर शहराच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून फोन. कोणी तरी पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणायचं आणि जाड केबल तोडून टाकायचं. मग केबल जॉइंटर रस्त्याखालच्या मॅनहोलमध्ये उतरायचा, आणि त्या केबलच्या पोटातल्या शेकडो बारीक तारा जोडी जोडीने जुळवत बसायचा. एक जोडी जुळली की टेस्ट फोन लावून विचारायचा, येतंय का? हिने म्हणायचं, येतंय. मग पुढची जोडी. येतंय का? नाही येत. रंग बघा, उलटी लागलीय. येतंय का? आता येतंय. पुढची. सगळे जॉइंटर हेच विचारायचे, पण त्यांतल्या या एकाचा आवाज ओल्या विटांमधून आल्यासारखा वाटायचा. काम खडतर, पण आवाजात किंचितही कुरकुर नाही, उलट कुठलीशी मजा चाललीय खाली असं वाटायचं. शेजारणी चिडवायच्या, आले गं तुझे मॅनहोलवाले. तोही तिला टेस्टबाई म्हणायचा. तोंड बघितलं नव्हतं एकमेकांचं. ती त्याला तुम्ही म्हणे, तो तिला तुम्ही. एका संध्याकाळी काम आवरता आवरता त्याने विचारलं, येताय का? चहाला, असं त्याच्या मनात होतं, पण तेवढा शब्द घशातच राहिला. अनुस्वार गेला आणि काना आला, एवढाच काय तो फरक, आणि लाइनवर खरखर. तिने रोजच्यासारखं ठणकावून सांगितलं, येतंय, पुढची. तो बिचारा हातपाय धुऊन, केस पाण्याने चापून बसवून एक्स्चेंजच्या गेटाशी उभा राहिला. ती बाहेर पडली तर हा अनोळखी माणूस तिच्याकडे टक लावून बघतोय, अंगाला केबलच्या जोडावर ओततात त्या मेणाचा वास. तिला वाटलं, फोन बंद पडलेला कोणी तरी. "तक्रारीची खिडकी बंद झाली," ती चालता चालता म्हणाली, "उद्या या." दुसऱ्या दिवशी मॅनहोलमधून आवाज आला, "टेस्टबाई, उद्या या म्हणालात. आलोय." ती एवढी हसली की साहेब केबिनमधून बाहेर आले. ही गोष्ट त्यांच्या लग्नात सांगून झाली, मुलीच्या वाढदिवसांना सांगून झाली, मुलीच्या मैत्रिणींनाही पाठ झाली, आणि मग कधी तरी सांगायची बंद झाली. कोणी ठरवून नाही केली. दारामागची छत्री दिसेनाशी होते, तशी.

"काय आजी, मशीन लावलं का?" सिस्टरने पडद्यातून डोकं घातलं. तिची मूठ आपोआप मिटली. "सेल संपलेत," ती म्हणाली. "उद्या आणते." खोटं तिला येत नसे. आयुष्यभर दूधवाल्यालाही ती नाही नाही म्हणत खरं सांगून बसायची. आणि इथे कसं सहज आलं. लिफ्टमध्ये आरशात तिने स्वतःला बघितलं. गाल लाल झाले होते, या वयात.

घरी गेल्यावर ती दिवे न लावता बसली. त्याच्या खुर्चीवर त्याचा स्वेटर होता, कोपरं अजून बाहेरच्या बाजूला दुमडलेली. कान त्याचे हळूहळू गेले होते. आधी कुजबूज गेली, मग फोन गेला, मग स्वयंपाकघरातून मारलेली हाक गेली. मशीन आणलं तर त्याला त्यात भांड्यांचा, पंख्याचा, रस्त्याचा सगळाच आवाज येई. तो वैतागून काढून ठेवी. "डोकं उठतं," म्हणे. मग घरात राहिलं काय, तर दूध संपलंय, गोळी घेतलीत का, दार लावा, आणि तेही ओरडून. ओरडून माणूस प्रेमाचं काय बोलणार? ज्याच्या आवाजावर ती भुलली, त्याच्याशी बोलायला तिला आवाज चढवावा लागे, आणि चढवलेल्या आवाजात प्रत्येक वाक्याचं भांडण होई. रात्री तो मशीन डबीत ठेवी, झाकण टक् करून वाजे, आणि त्या आवाजासरशी तिला वाटे, मीच डबीत गेले. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय, नवरा चांगला होता, व्यसन नाही, मुलीवर जीव, पगार हातात. फक्त तो तिथे असायचा आणि लाइन नसायची.

मुलीचा फोन आला. "बाबांनी ओळखलं का तुला?" ती म्हणाली, "छान बोलले." "काय म्हणाले?" "बसा म्हणाले." पलीकडे मुलगी हसली, मग रडायला लागली. म्हणाली, "आई, तू हिरमुसू नकोस हां. मी वाचलंय सगळं. आपण परत परत सांगत राहायचं, ते येतात परत." हो गं, ती म्हणाली. तिला मुलीची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली. कारण ती हिरमुसलेली नव्हती. आत कुठे तरी, फार खाली, तिला उद्याची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेआधीच ती दाराशी जाऊन उभी राहिली. केस दोनदा विंचरले होते. सिस्टर म्हणाली, "सारखं विचारत होते हो, येतेय का, येतेय का. मी म्हटलं, येतील हं, भेटीची वेळ होऊ दे." तिने सिस्टरला सांगितलं नाही की तो वायरींना विचारत असतो. आत तो तिला बघून उठायला लागला. "तुम्ही कालही आला होतात," तो म्हणाला, "टेस्ट डेस्कवरनं ना?" तिने वार सांगितला, हॉस्पिटल सांगितलं. बायको हा शब्द जरा घाईत, खालच्या पट्टीत सांगितला. त्याला काही ऐकू गेलं नाही, आणि ऐकू जाऊ नये असंच तिने ते म्हटलं होतं. मग ती त्याच्या डाव्या कानापाशी वाकली. त्या कानात अजून थोडी धुगधुगी होती. वाकून विचारलं, "कोण हो त्या टेस्टबाई?" त्याने आजूबाजूला बघितलं. शहाणा माणूस गुपित सांगताना बघतो तसंच. "दिसायला कशा आहेत कोण जाणे," तो म्हणाला. "पण काय आहे, खाली पाणी असतं गुडघ्याएवढं. अंधार असतो. वास असतो. वाटतं, बसावं असंच, कशाला वर जायचं. आणि त्या 'येतंय' म्हणतात. म्हटलं की वर यावंसं वाटतं बघा." एवढं बोलून त्याला धाप लागली. यंत्रावरचा आकडा खाली आला, पुन्हा वर गेला. ती स्टुलाची कड घट्ट धरून बसली होती. एवढ्या वर्षांत हे वाक्य एकदाही का बोलला नाहीस रे, असं तिच्या मनात आलं, आणि मनातल्या मनात का होईना आपण त्याला एकेरीत बोललो हे तिच्या लक्षात आलं. बोलला नाही, कारण मी होतेच ना समोर. समोर असलेल्या माणसाला कोण असं सांगतं? ती तरी कुठे म्हणाली होती, की तुमच्या आवाजासाठी मी रजा घेत नसे, ताप असला तरी ड्यूटीवर जाई. "सांगा ना त्यांना," ती म्हणाली. त्याने मान हलवली. "विचारलंय. येताय का म्हणून. त्या येतंय म्हणाल्या. म्हणून थांबलोय इथे गेटाशी." मग जरा वेळाने, चेहरा पडून, "खिडकी बंद झाली, म्हणे. उद्या या."

तेव्हा तिला कळलं की तो दोन दिवस तिला तारांचं विचारतच नव्हता. किंवा कधी तारांचं विचारत असेल, कधी तिचं. खरवडलेल्या घशातून येतंय आणि येताय यांत फरक काय राहणार. तेव्हाही राहिला नव्हता. तो त्या एका संध्याकाळी अडकून पडला होता, ती शेजारून निघून गेली त्यानंतरची आणि उद्या उजाडायच्या आधीची. आणि ती इथे हातभर अंतरावर बसून, पर्समध्ये मशीन घेऊन, त्याला वाट बघायला लावत होती, कारण आपली कोणी अशी वाट बघतंय हे बघण्याचं सुख तिला सोडवत नव्हतं. सिस्टरने जाताना पुन्हा सेलचं विचारलं. दुकान बंद होतं, ती म्हणाली.

संध्याकाळी ती आली तर पलंगाशी गर्दी होती. त्याने हातातली सलाइनची नळी उपटून काढली होती, ऑक्सिजनचा मास्क भिरकावला होता. चादरीवर रक्त होतं, फार नाही, पण पांढऱ्यावर ते फार दिसत होतं. दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधली होती. त्याची बोटं तशातही हलत होती, जोडी शोधत. डॉक्टर घाईत होते, तरी उभे राहिले. "असं चालू राहिलं तर झोपेचं औषध द्यावं लागेल. आणि या फुफ्फुसांना झोपवलं तर पुन्हा नळी घालायची वेळ येऊ शकते. मला ते नकोय." सिस्टरच्या बाहीवर रक्ताचा डाग होता. ती रागावलेली नव्हती, नुसती दमलेली. "रंग चुकलाय म्हणत होते सारखे. मी सांगतेय, आजोबा, हात लावू नका, ही तुमची सलाइन आहे. पण पोचतच नाही ना काही. त्यांना दिसतं काय, तर चार तोंडं अंगावर येतायत आणि ओठ हलतायत. घाबरणार नाही तर काय करणार माणूस? सेल आणले का, आजी?"

तिने त्याच्या मनगटांकडे बघितलं. त्या हातांनी शहरभर माणसं बोलती केली होती. हे माझं, ती मनात म्हणाली, हे रक्त माझ्या खात्यावर. तिने पर्स उघडली, डबी काढली. "आणलेत," ती म्हणाली. सेल तिने स्वतः बदलले होते, तो आजारी पडला त्याच आठवड्यात. सिस्टर एकदा डबीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. काय समजायचं ते समजली की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "लावा मग," आणि पडदा ओढून घेऊन दोन पावलं बाहेर जाऊन उभी राहिली.

मशीन उजव्या कानाचं. ते चिमटीत धरून ती आधी डाव्या बाजूला गेली. त्याचे डोळे पडद्यापलीकडच्या दाराकडे होते. तिने ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, सरळ लावायचं. पण तो माणूस एवढा वेळ गेटाशी उभा होता. त्याला तसंच उभं ठेवून दिवा घालवणं तिच्याने होईना. "येताय का?" त्याने दाराला विचारलं. ती अगदी कानाला ओठ लावून म्हणाली, "येते." तो ऐकत राहिला. "उद्या नाही," ती म्हणाली, "आजच येते. उशीर झाला. रागावू नका." त्याच्या कपाळावरची आठी सुटली. बांधलेला हात जमेल तेवढा वर करून त्याने, घाई नको, अशी खूण केली. "सावकाश या," तो म्हणाला. "मी आहे."

मग ती पलंगाला वळसा घालून उजवीकडे आली. मशीन लगेच नीट बसेना. ते शिट्टी वाजवायला लागलं. नेहमी वाजायचं, आणि नेहमी ती वैतागायची. तिने ते दाबून बसवलं, मागचं बटण फिरवलं, शिट्टी थांबली. आत्ता त्याच्या कानात सगळं गेलं असेल, यंत्राची टुकटुक, पलीकडच्या माणसाचा खोकला, तिचा श्वास. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. आता तिचा हा आवाज आत जाणार, भांड्याकुंड्यांचा, दूध संपल्याचा, वय झालेला. तो कानात गेला की गेटावरचा माणूस निघून जाईल, आणि त्याच्या जागी तिचा हा नवरा येईलच अशी हमी डॉक्टरांनीही दिली नव्हती. दोघेही हातचे जाऊ शकत होते. तिने ओठ ओले केले.

"येतंय का?" तिने विचारलं.

त्याचे डोळे उघडले, छताला लागले, पडद्याच्या कड्यांवरून घसरत तिच्या चेहऱ्यावर आले, केसांवर गेले, पुन्हा चेहऱ्यावर. खूप लांबून कोणी रस्ता विचारत विचारत यावं, तसे. कपाळाला ती जुनी, ओळखीची, वैतागाची आठी पडली.

"येतंय," तो म्हणाला. "ओरडू नकोस."

सिस्टरने पडदा सर्रकन बाजूला केला. "ओळखलं! ओळखलं, आजी!" तिने डॉक्टरांना हाक मारली. ते आले, त्याच्यावर वाकले. ह्या कोण, त्यांनी विचारलं. "बायको," तो म्हणाला, "दुसरं कोण येणार?" सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. सिस्टरने तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "होतं असं आनंदाने." हो, आनंदच होता तो. तिचा नवरा परत आला होता, अख्खा, आठीसकट. अजून काही दिवस तो मधूनमधून गोंधळेल, डॉक्टर सांगत होते, पण आता धागा हाताला लागला. ती मान डोलवत होती आणि पुन्हा पुन्हा तिची नजर दाराकडे जात होती. तिथे कोणी नव्हतं.

"हात का बांधलेत माझे? सोड की," तो म्हणाला. सिस्टरने मान हलवल्यावर तिने एक पट्टी सोडली. सुटलेल्या हाताने त्याने आधी मशीन चाचपलं. आता काढणार, तिला वाटलं. त्याने ते जरा आत ढकललं आणि हात तसाच तिच्या मनगटावर टाकला. गरम होता, कोरडा, जड. खूप वेळ तो तिच्याकडे बघत होता, काही तरी आठवायचं राहून गेल्यासारखा, पण आठवेना, आणि मग त्याने तो नाद सोडला.

"केव्हाची बसलीयेस?" त्याने विचारलं.

"आत्ताच आले," ती म्हणाली.